हिंगाच्या डबीतल्या गोळ्या

"मावशी, मायचे ओठ निळे पडले." प्रणिताचा फोन आला तेव्हा मी लोणारला बचत गटाच्या बैठकीची तयारी करत होते. नखंही निळी, धाप लागलेली, धड बोलता येत नाही. प्रणिताच्या साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, बोलणी करायला आलेल्या पाहुण्यांच्याच गाडीत घालून वंदनाला दवाखान्यात नेलं होतं. "गोळीचं डॉक्टरले सांगतलं का?" मी विचारलं. "बाबा गेले ना संगं, सांगतीन." बैठक दुसरीवर सोपवली, पिशवी उचलली आणि निघाले.

वंदना माझी शाळेपासूनची मैत्रीण. लग्न होऊन बीबी गावाला गेली आणि नवऱ्याच्या, देविदासभाऊंच्या मळ्याची खरी मालकीण झाली. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, सगळं स्वतः तोडायची आणि बाजारात स्वतःच विकायची. वांगी दाबदाबून पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला म्हणायची, "काऊन हो भाऊ, भाजी नेता का सोयरीक करता?" गिऱ्हाईक हसायचं आणि जास्तच घेऊन जायचं. अशा बाईला कुणाला घाबरायचं कारण नव्हतं. पण लेकीच्या लग्नाचं नाव निघालं की तिची जीभ टाळ्याला चिकटायची.

मागच्या वर्षी तिच्या कोपरांवर आणि हातांवर खाजरे फोड उठू लागले. त्वचेच्या डॉक्टरांनी डॅप्सोनची गोळी दिली. रोज एकच घ्यायची आणि अधूनमधून रक्त तपासायचं, एवढंच पथ्य. हा महारोग नाही, असंही त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. पण हीच गोळी महारोग्यांनाही देतात, हे गावात ठाऊक. म्हणून वंदना पाकिटातून गोळ्या सोडवायची, हिंगाच्या रिकाम्या डबीत भरायची आणि पाकीट चुलीत घालायची. आमची शेवटची निवांत भेट झाली तेव्हाही हातात तीच डबी होती.

"अवं, रक्त तरी तपासून ये," मी म्हटलं.

"तपासाले गेलं का चार जण इचारतात, काय झालं म्हून. पोरीचं साक्षगंध होऊ दे. मंग गोळीचं नाव छातीवर लिहून फिरीन, बस?"

आम्ही दोघी हसलो होतो...

पुढचं प्रणिताने नंतर सांगितलं. पाहुणे यायच्या आठवड्यात फोड पुन्हा उठले. "फोडाच्या हातानं वाढलं तं कोण जेवीन?" असं म्हणत तिने रोज एकीच्या जागी दोन गोळ्या घेतल्या, मग तीन. हात खरंच स्वच्छ झाले. त्या हातांनी तिने पाहुण्यांची ताटं केली आणि वाढता वाढता खाली बसली.

पहिल्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कोणतं औषध चालू आहे? शेजारी नवऱ्या मुलाचे मामा गाडीची किल्ली घेऊन उभे. देविदासभाऊ म्हणाले, "नाही साहेब, गोळीबिळी काहीच नाही." झालं. मग छाती तपासली, हृदय तपासलं, ऑक्सिजन लावला. बोटाला लावलेल्या यंत्रावरचा आकडा काही चढेना. शेवटी जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात हलवलं. मी तिथे पोचले तेव्हा नर्स रक्त काढत होती. काकवीच्या रंगाचं रक्त. तिथल्या डॉक्टरांनी तोच प्रश्न जरा चढ्या आवाजात विचारला. भाऊंनी मामांकडे पाहिलं. मी गोळीचं नाव सांगितलं.

"हे आधी का नाही सांगितलं?" डॉक्टर म्हणाले. "गोळीनं रक्त बिघडलंय. ऑक्सिजन कितीही द्या, ते वाहून नेणार कोण?"

यावर औषध आहे. मिथिलीन ब्लू नावाचं, गडद निळं, शिरेतून देतात. काहींना ते चालत नाही, म्हणून आधी चौकशी करावी लागते. दवाखान्यात ते नव्हतं. बाहेरून आणेपर्यंत आणखी वेळ गेला. ते निळं पाणी शिरेत गेलं आणि थोड्या वेळाने वंदनाच्या ओठांवर लाली आली. मी डोळ्यांनी पाहिली. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "पाहुणे जेवले का?"

पण डॅप्सोन अंगात मुरून राहते. ओठ पुन्हा काळवंडले, पुन्हा औषध दिलं, पण इतका वेळ उपाशी राहिलेल्या हृदयाने साथ सोडली. ओठ पहिल्यांदा निळे पडले तेव्हाच नाव कळलं असतं तर... हे 'तर' मला गिळता येत नाही. महारोग नव्हताच. असता तरी तो औषधाने बरा होतो. बाई मेली ती लोक काय म्हणतील या रोगाने, आणि त्यावर कुठल्याच दवाखान्यात इंजेक्शन नाही.

तेरवीला देविदासभाऊ येईल त्याला सांगत होते, हार्टचा अटॅक आला. मामांनी मान डोलावली आणि वर्षाच्या आत लग्न उरकायची गोष्ट काढली. प्रणिता आत गेली आणि तिने मुलाला फोन लावून सगळं सांगितलं, गोळीच्या नावासकट. "घरी विचारतो," म्हणाला. अजून विचारतोच आहे.

हे पेपरात लिहू का, असं प्रणिताला विचारायला परवा बीबीला गेले होते. प्रणिताने चहा ठेवला. ती डबी पूर्वी डाळींच्या डब्यांमागे असायची. आता फळीवर पुढेच ठेवलेली, आत उरलेल्या गोळ्या तशाच. पांढरी पट्टी चिकटवून तिने वर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, डॅप्सोन. दारातून आत येणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते. भाऊ ती रोज मागे सरकवतात, प्रणिता रोज पुढे आणते.

"मावशी, तुम्ही पेपरात लिहिसान तं नाव लिहा," ती म्हणाली. "मायचंबी आन् गोळीचंबी."

म्हणून दोन्ही लिहिली.