पृष्ठभाग भरेपर्यंत

माझ्याकडं पीएचडी करणारी एक विद्यार्थिनी सिल्लोडहून रोज एसटीनं विद्यापीठात यायची. लग्नानंतर सहा वर्षांनी तिनं पुन्हा भौतिकशास्त्र हाती घेतलं होतं. आमचं काम कॉम्प्युटरवरचं. बुद्धिबळाच्या पटासारखा धातूचा पृष्ठभाग, त्यावर सतत येऊन पडणारे कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन. दोघं शेजारी आले की जुळून उडून जातात, जागा मोकळी होते. पण कार्बन मोनॉक्साइडचं प्रमाण एका आकड्यापलीकडं गेलं, की सगळा पट एकाएकी त्यानंच भरतो आणि क्रिया कायमची बंद पडते. तो आकडा मी तरुणपणी काढला होता.

तिचा आकडा माझ्यापेक्षा कमी आला. विभागाच्या चर्चासत्रात, सगळ्यांसमोर मी म्हणालो, "आधी प्रोग्राम नीट लिहायला शिका बाई, मग मला दुरुस्त करा."

दुसऱ्या दिवसापासून ती यायची बंद झाली.

पंधरा दिवसांनी, जरा चिडूनच, तिच्या आणि माझ्या आकड्याच्या मधलं प्रमाण घालून मी माझा जुना प्रोग्राम चालवला. माझं बरोबर असेल तर तिथं क्रिया चालू राहायला हवी होती, तिचं बरोबर असेल तर बंद पडायला. पूर्वी कॉम्प्युटर हळू असायचे. क्रिया बराच वेळ चालू दिसली की मी थांबवायचो. या वेळी थांबवलं नाही. तीन दिवस ती मजेत चालली. चौथ्या दिवशी जेवून आलो, तर पट पूर्ण भरलेला. ज्याला मी इतकी वर्षं जिवंत समजत होतो, ते नुसतं उशिरा मरणारं होतं.

शनिवारी सिल्लोडला गेलो. दार तिच्या सासूबाईंनी उघडलं.

"सर का तुम्ही? या, बसा. लई गप गप राहती ती. विचारलं तर म्हणती, मला जमत नाय."

ती पाणी घेऊन आली. मी सरळ सांगितलं, "तुमचं बरोबर होतं. माझा आकडा चुकला. आणि त्या दिवशी बोललो, तेही चुकलं."

ती खाली बघत म्हणाली, "सर, मी प्रोग्राम पुसून टाकला. वाटलं, माझंच चुकलं असंल."

सासूबाई म्हणाल्या, "मग परत लिही की! सोमवारची पहिली गाडी धर."

ती सोमवारी नाही, गुरुवारी आली. पुन्हा लिहायला दोन महिने गेले. पुढच्या चर्चासत्रात मी माझी चूक फळ्यावर मांडली. शोधनिबंधावर तिचं नाव पहिलं आहे. अजूनही माझ्याशी बोलण्याआधी ती वाक्य मनात तपासून घेते, हे मला दिसतं.