लाडवांचे डबे

दिल्लीत मयूर विहारच्या आमच्या तळमजल्यावरच्या घरात मी मेस चालवायची. परीक्षांच्या तयारीला आलेली आपल्याकडची मुलं जेवायला यायची, कधी डबा भरून न्यायची, मला काकू म्हणायची. राहत्या घरात धंदा चालतो म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरींनी कोर्टात दावा लावला. कोर्टाने मेस बंद करायला सांगितली आणि मी त्याच दिवशी बंद केली.

पण मुलांचे डबे माझ्याकडे राहिले होते. ते न्यायला मुलं आली. आता दुसऱ्याचा डबा रिकामा कसा परत करायचा? माझ्या आईने कधी केला नाही. मी प्रत्येकात बेसनाचे लाडू घातले. सेक्रेटरींनी जिन्यातून फोटो काढला: दारात मुलांची रांग, मी डबे देतेय. झालं! कोर्टाचा अवमान.

"लाडू कशाला भरलेस?" हे म्हणाले.

"मग रिकामे देऊ?"



कोर्ट म्हणालं, लेखी माफी मागा. एरवी मी दूधवाल्यालाही मोठ्याने हाक मारत नाही. पण कोर्टाचं ऐकलं असताना ऐकलं नाही असं लिहून द्यायचं, हे मनाला पटेना. आम्ही वर अपील केलं. बाईने अवमान केला नाही, एवढं कुणीतरी म्हणावं, बस.

अपिलाची तारीख लागेपर्यंत मेस मार्केटमधल्या दुकानात गेली आणि छान चालायला लागली. सेक्रेटरींनीही दावा मागे घेतला. तरी तारखेला मी लाडवांचा डबा पिशवीत घेऊन गेले. जजसाहेबांना सांगायचं वाक्य हिंदीत घोकून ठेवलं होतं.

त्यांनी कागद उलटले. "दावा ही नहीं रहा, माफ़ी का आदेश भी ख़त्म. अब अपील में बचा क्या है?" आणि पुढचं नाव पुकारलं गेलं.

"जीत गए समझो," वकील म्हणाले.

"पर ग़लती थी कि नहीं थी?"

"वो अब कोई नहीं पूछेगा, बहनजी."

सुटले म्हणून बरं वाटलं, पण वाक्य तसंच घशात राहिलं. बाहेर बाकावर सेक्रेटरी बसले होते. "भाभीजी, थैले में क्या है?"

"सबूत," हे म्हणाले.

मला हसू फुटलं. सेक्रेटरींनी दोन लाडू खाल्ले आणि उरलेला डबा मिसेससाठी मागून घेतला.

त्याच आठवड्यात ते डबा परत द्यायला दुकानावर आले. उचलला तर जड. आत मठरी, इकडच्या जाडसर खाऱ्या पुऱ्या, वर लोणच्याची पुडी.

"ख़ाली लौटाना अच्छा नहीं लगता," ते म्हणाले.

माझ्या तोंडून निघून गेलं, "फोटो खींच लूँ?"

ते गोरेमोरे झाले. दुकानातली मुलं जेवता जेवता थांबली.

"उस दिन भी लड्डू ही थे ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"लड्डू ही थे."

"हाँ. तो ठीक है." मग लोणच्याला दोन दिवस ऊन दाखवा असं सांगून ते गेले.

मी लगेच लोणच्यासाठी बरणी धुवायला घेतली.