उलटा हात

आमचा दादा टायरवाला. चार चाकांची अदलाबदल करायची असली की आधी डोळे मिटून प्रत्येक टायरवर तळहात फिरवायचा, आतून बाहेर, मग बाहेरून आत. पहिला सुलटा हात, दुसरा उलटा. गल्ली त्याला 'मालीशवाला' म्हणायची. म्हणू देत! टायर कुठे झिजलाय हे त्याचा हात सांगायचा, आणि दादाला त्या हाताचा भारी तोरा होता.

त्या दिवशी सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई गाडी घेऊन तणतणत आल्या. "परवा तुम्ही मागची चाकं पुढे लावलीत आणि तेव्हापासून गाडी घूं घूं करतेय. आधी काही नव्हतं!"

दादाने गाडी जॅकवर घेतली, चाक फिरवून बेअरिंग बघितलं, हवा तपासली. सगळं ठीक. मग टायरवर हात फिरवला. "गुळगुळीत आहे," म्हणाला. पँटला हात पुसून पुन्हा फिरवला. त्याचा चेहरा उतरत चाललेला मला दिसत होता.

"अहो, रक्त!" नर्सबाई ओरडल्या. टायरमध्ये काचेचा तुकडा रुतला होता आणि दादाचा तळवा चिरला होता. दादा आपल्या हाताकडे, तो दुसऱ्याचाच असल्यासारखं, बघत राहिला.

नर्सबाईंनी काच उपटून काढली, पट्टी बांधली, बोटं दाबून पाहिली. "किती दिवस झाले बधिर होऊन?"

"झाले काही महिने," दादा पुटपुटला. काही महिने! आणि घरात कुणाला चकार शब्द नाही! अस्सा राग आला मला.

"उद्या सकाळी दवाखान्यात यायचं, साखर तपासायला," बाईंनी दटावलं. दादा जुन्या टायरच्या ढिगावर मटकन बसला. "हातच गेला तर दुकान कशाला उघडं ठेवू? करतो बंद."

रबराच्या वासाने डोकं चढतं म्हणून वहिनी कधी दुकानात पाऊल टाकायची नाही. आज हे ऐकून मागच्या घरातून पदराला हात पुसत सरळ गाडीपाशी आली. "काय बघायचं ते सांगा. मी बघते."

"तुला नाही जमायचं गं."

"तांदळातला खडा मला न बघता लागतो. सांगा!"

दादाने सांगितलं. वहिनीने डोळे मिटले. "असा नेला की काही नाही. असा आणला की, अगंबाई, किसणीच आहे की ही!"

दादा ताडकन उठला. "मागची चाकं तिरकी धावतायत, बाई! तिथे असताना या टायरांचं रबर एका बाजूने धारदार झालंय. मागे होती तोवर आवाज ऐकू येत नव्हता, पुढे आणली आणि तुमच्या कानाशी आला. अलाइनमेंट करतो, ही पुन्हा मागे टाकतो. थोडा आवाज राहील मात्र. आणि चूक माझी, लावण्याआधीच कळायला हवं होतं."

नर्सबाई शांत झाल्या. "करा," म्हणाल्या.

काम संपल्यावर दादाने बंबातलं पाणी आणून वहिनीचे काळे झालेले हात धुवायला घेतले. पाणी ओतताच ती कळवळली, "अहो, भाजतंय!"

दादाचा चांगला हात त्याच पाण्याखाली होता. त्याला काही कळलंच नव्हतं.

मला रडूच फुटलं. वहिनीने मात्र बादलीत गार पाणी घेतलं, त्याचा हात धरून आपल्या हाताबरोबर आत बुडवला आणि म्हणाली, "आजपासून पाणी मी बघणार. टायरही."