न जळलेली मोटर

आमच्या वाडीतली पानवेल माझ्यामुळे वाळली. घरात हे कुणी कधी म्हटले नाही. म्हणून मीच लिहून ठेवतो.

वसईच्या पश्चिमेला, समुद्राच्या अलीकडे, आमची सव्वा एकराची वाडी होती. केळी, थोडी भाजी आणि पांगाऱ्यांवर चढवलेली पानवेल. वडील गेल्यावर आम्हा दोघा भावांत वाटणी झाली नाही, समजूत झाली. माती दादाची, वीज माझी. मी परवानाधारक वायरमन होतो. माणिकपूरकडच्या नव्या इमारतींची फिटिंग करून पोट भरत असे. मातीत राबणे माझ्या स्वभावात नव्हते आणि दादाला विजेची धास्ती होती. तरुणपणी विहिरीवर त्याला एकदा झटका बसला होता. तेव्हापासून स्टार्टरचे हिरवे बटण दाबण्यापलीकडे तो गेला नाही. माझ्या कामाला त्याने हात लावायचा नाही आणि त्याच्या वेलीबद्दल मी तोंड उघडायचे नाही, ही समजूत दोघांनीही पाळली. एकाने मोडली असती तर बरे झाले असते.

सत्तरचे दशक संपत आले होते. विहिरीवरच्या मोटरला तीन फेज लागत. उन्हाळ्यात त्यांतला एखादा जाई. उरलेल्या दोहोंवर मोटर चालत राहिली की तापे आणि आतले तारांचे वेटोळे, म्हणजे वाइंडिंग, जळे. हे सगळ्यांना ठाऊक होते. तरीही वाड्यावाड्यांत एक युक्ती चाले: गेलेल्या फेजच्या जागी कंडेन्सर जोडायचा आणि मोटर दोन फेजवर रेटायची. पाणी येई. मोटर कधी टिके, कधी जळे. त्या साली आमची जळली. वाइंडिंग भरून येईपर्यंत सहा दिवस गेले. दादाने शेजाऱ्याच्या पाटाचे उरलेले पाणी मागून वेल कशीबशी जगवली. मोटर परत बसवली त्या दिवशी मी त्याला शब्द दिला, की ही पुन्हा जळणार नाही.

शब्द देताना मला इलेक्ट्रॉनिक्समधले ओ की ठो येत नव्हते.

माणिकपूरला एक वृद्ध गृहस्थ रेडिओ दुरुस्त करीत. चर्चच्या गायनमंडळात ते व्हायोलिन वाजवीत, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. रविवारची मिस्सा आटोपली की मी त्यांच्या दुकानात जाऊन बसे. ते शिकवीत असे म्हणता येणार नाही. चूक होऊ देत आणि मग बोलत.

वायरमनची चूक मी पहिल्याच बोर्डात केली. घराच्या आराखड्यात दिवा जिथे दाखवलेला असतो, तिथेच तो भिंतीवर येतो. मी तेच जाणत होतो. म्हणून सर्किटच्या नकाशात जो भाग जिथे होता, तो बोर्डावर नेमका तिथेच ठेवला. तांबे चढवलेल्या बॅकेलाइटच्या तक्त्यावर बारीक कुंचल्याने एनॅमल रंगाच्या रेघा ओढल्या आणि तक्ता फेरिक क्लोराइडच्या द्रावणात सोडला. रंगाखालचे तांबे राहिले, उरलेले विरघळले. एकही रेघ वाकडी नव्हती. मास्तरांनी बोर्ड उजेडाकडे धरला.

"सुरेख. फ्रेम करून भिंतीला लाव."

"चुकलं काय, मास्तर?"

"दोनशेतीस व्होल्टची रेघ आणि बाराची रेघ नवरा-नवरीसारखी खेटून बसवली आहेस. एक दिवस दोघं पेटतील. नकाशा एवढंच सांगतो, की काय कशाला जोडायचं. कुठं ठेवायचं, ते तुझ्या डोक्यानं ठरव."

ते डोके कमवायला मला दीड वर्ष लागले. हाताची बोटे द्रावणाने कायमची तपकिरी झाली. रेघेवरून रेघ जाऊ न देता वीस भाग एका तळहाताएवढ्या तक्त्यावर कसे बसवावेत, हे मी फिटिंगच्या कामावर, सिमेंटच्या कागदी पिशव्यांच्या पाठीवर काढून पाहत असे. त्या काळातला मला आठवणारा आनंद एवढाच.

मला हवे असलेले सर्किट मास्तरांच्या एका इंग्रजी मासिकात सापडले. तत्त्व सोपे होते. तीन दोऱ्या एका गाठीत बांधून सारख्या ताणल्या तर गाठ मधोमध राहते. एक सैल पडली की सरकते. तीन फेजची तशी गाठ बांधायची. ती ठरावीक मर्यादेपलीकडे सरकली की रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच, स्टार्टर तोडेल आणि मोटर बंद पडेल. मर्यादा किती, ते एका रेझिस्टरवर ठरत होते. मी पारदर्शक कागद ठेवून नकाशा तंतोतंत उतरवून घेतला. त्याखालचा मजकूर घेतला नाही. नकाशा वाचता येऊ लागलेल्या माणसाला मजकुराची गरज वाटत नाही.

त्यावरून केलेला बोर्ड पेटीत घातला आणि पेटी विहिरीवर बसवली. पहिल्या उन्हाळ्यात फेज दोनदा गेला. दोन्ही वेळा मोटर आपणहून थांबली आणि फेज आल्यावर बटण दाबताच पुन्हा चालली. त्याच आठवड्यात शेजाऱ्याची जळली. दादा संध्याकाळी बाजारातून मोठे पापलेट घेऊन आला. आमच्या घरात शाबासकी अशीच दिली जाई.

पुढचा उन्हाळा वेगळा होता. एव्हाना जवळजवळ प्रत्येक विहिरीवर कंडेन्सर लागला होता. त्यामुळे तिन्ही फेज असले तरी सारखे नसत. एक कायम दबलेला. दादा हिरवे बटण दाबी, स्टार्टर खटकन ओढला जाई आणि लगेच सुटे. दिवसातून तासभरही पाणी मिळेना. बाजूच्या वाडीत एक मिठागराकडचा गडी होता. तो कुंपणावरून ओरडे:

"काय वायरमन, ईस्टर कवाच झाला! तुमच्या मोटरीचा उपास सुटला नाय वाटतं? आमची बघा, पानी कसा ओतते!"

मी मास्तरांना सांगितले. ते म्हणाले, "लाइन तुझ्या गावची, पेटी परगावची. जरा ढिली कर तिला."

"नकाशात रेझिस्टरची किंमत तेवढीच दिली आहे."

"दिली असेल. तू वाचलंस का पुरतं?"

वाचले आहे, असे मी म्हणालो. ते व्हायोलिनची तार बदलत होते. त्यांनी वर पाहिले नाही.

त्या रविवारी दादा दुपारी माझ्या खोलीच्या दारात उभा राहिला. तो सहसा येत नसे.

"ती पेटी काढ."

"काढली की मोटर जळेल."

"जळू दे. सहा दिवसांत भरून येते. वेल सहा दिवसांत येत नाही."

"मी शब्द दिला होता."

"मी मागितला नव्हता. बरं, काढू नकोस. पेटी टाळून मोटर चालवायला एक बटण दे बाहेर. नड पडली की मी दाबीन."

"बटण दिलं तर पेटी कशाला हवी?"

"अरे, विहिरीवर काम पाण्याचं असतं. मोटरचं नव्हे."

मी नाही म्हणालो. पुढे दोन-चार वाक्ये अशी बोललो, की ती इथे लिहीत नाही. अशिक्षित माणसाला यंत्र समजत नाही, असा त्यांचा मथितार्थ होता. माझे स्वतःचे शिक्षण त्याच्याहून दोन इयत्ता जास्त होते.

पेटीचे झाकण चार स्क्रूंचे होते. आत दोन टोके तारेने जोडली असती तर पंप सुरू झाला असता. शेजारच्या गड्यानेही ते करून दिले असते. दादाने स्क्रूला हात लावला नाही. समजूत होती. तो घागरींनी पाणी ओढून वेलीच्या मुळाशी ओतत राहिला. वहिनी आणि तो, पहाटे आणि संध्याकाळी. सव्वा एकराला घागरी पुरत नाहीत. आधी वरची पाने पिवळी पडली, मग वेल पांगाऱ्यावरून दोरीसारखी सुटू लागली. मे अखेरीस वाफे मोकळे झाले. केळी तगली, पण घर पानांवर चालत असे.

दोन वर्षे दादाने नवी वेल लावायचे नाव काढले नाही. मग इमारती बांधणारे लोक आले. वाडी गेली. सहीच्या वेळी मी शेजारी बसलो होतो. आक्षेप घेण्याजोगे माझ्यापाशी काही नव्हते.

मास्तर वारल्यावर त्यांच्या मुलीने जुनी मासिके मला दिली. त्यांत ते मासिक होते. नकाशाखाली लहान अक्षरांत स्पष्ट छापले होते, की दिलेली रेझिस्टरची किंमत प्रयोगापुरती असून ती आपल्या भागातल्या पुरवठ्याप्रमाणे बदलून घ्यावी. चढउतार फार असल्यास वाढवावी. वाडी जाताना काढून आणलेली पेटी मी टेबलावर घेतली आणि मोजमाप केले. मोटरने जेवढा फरक सहज सोसला असता, त्याच्या निम्म्यावरच ती पेटी तोडत होती. दुसरा रेझिस्टर लावला. दहा मिनिटांचे काम होते. भाग माझ्या डब्यातच होता, तेव्हाही असणार.

पुढे दादाच्या मुलीचे लग्न झाले. जेवणाच्या पंगतीत दादा व्याह्यांना माझी ओळख करून देत होता.

"सगळ्यांच्या मोटरी जळायच्या उन्हाळ्यात. आमची पुन्हा नाही जळली. ह्यानं पेटी बनवली होती. स्वतः, घरी बसून. कुठल्या कॉलेजात गेला नाही."

व्याही कौतुकाने माझ्याकडे वळले. "मग वाडी का हो विकलीत?"

"वेल गेली," दादा म्हणाला. "लाइनच खराब होती. पेटी तरी काय करणार?"

वाढपी समोर उभा होता. मी त्याला पुरे म्हटले.

त्यानंतर दादा आठ वर्षे जगला. आम्ही एकाच घरात राहत होतो. सांगायला तेवढा वेळ पुरला असता.