मी कमी कापलेला बेस

“सर, आमची घरं कुठंयत?”

करुणानं विचारलं तेव्हा साडेबारा वाजले होते आणि पुनर्वसनाचे साहेब तीनला यायचे होते.

मी बिल्डरांसाठी मॉडेल करतो. जी इमारत अजून उभी नाही, ती सनबोर्डची, म्हणजे फोमच्या कडक पुठ्ठ्याची, हातभर करून दाखवायची. गंगापूर तालुक्यातलं एक गाव गोदावरीच्या पुरात गेलं. माणसं मुकुंदवाडीजवळच्या एका गोडाऊनमध्ये राहत होती. तरुण पोरं नुसती बसून. त्यांना कटर चालवायला शिकवा, म्हणून एका संस्थेनं मला बोलावलं. म्हटलं, तुमचंच गाव करू. पोरांनी दहा दिवसांत असा हात बसवला की माझ्या वर्कशॉपमधल्या कारागिरांनी लाजावं.

साहेबांच्या कानावर गेलं. नव्या गावाचा लेआउट, म्हणजे कुणाचं घर कुठं, हे ते याच मॉडेलवरून आखणार होते. मी हुरळून गेलो होतो.

आणि आता करुणा बेसच्या, म्हणजे मॉडेलखालच्या पाटाच्या, कडेवर बोट ठेवून उभी. पहिल्या दिवशी मी गाव कुठपर्यंत आहे ते विचारलं होतं. पोरांतला गणेश आणि आणखी चार जण म्हणाले, “मारुतीपर्यंत.” मी तिथं बेस कापला. करुणाचा बौद्धवाडा त्याच्याही पुढं, ओढ्याच्या पलीकडं. करुणा दहा दिवस दुसऱ्यांची छपरं कापत बसली होती.

“आधी का नाही बोललीस?”

“वाटलं, आमचं शेवटी येईल.”

गणेश खाली बघत म्हणाला, “ऱ्हायलंच की. कुणी मुद्दाम नाय केलं, सर.”

“मुद्दाम केलं असतं तर भांडता तरी आलं असतं,” करुणा म्हणाली.

संस्थेच्या मॅडमना फोन लावला. “आहे तेच दाखवा हो, उरलेलं नंतर ॲड करू.” माझ्या धंद्यात नंतर फक्त झाडं ॲड होतात. फोन ठेवला.

सनबोर्ड संपला होता. गणेशनं बिस्किटांचं खोकं फाडून एक तुकडा बेसला पुढं जोडला, उरलेल्याची घरं. करुणा एकेक घर आठवून सांगत होती, तो कापत होता. मी नुसता गोंद लावत होतो. तीन वाजता चौतीसपैकी बावीस घरं उभी होती. बाकीच्यांचे पेन्सिलीनं चौकोन, आत नावं.

साहेबांनी जोड बघितला. “हे वेगळं का?”

“वेगळं नाय, साहेब,” करुणा म्हणाली. “सरांनी बेस कमी कापला.”

मी मान हलवली. खरंच होतं ते.

महिन्यानं लेआउट आला. चौतीसच्या चौतीस घरं होती. पण जोडाच्या जागी, बाकी गावापासून वीस फुटांची मोकळी पट्टी सोडून. विचारलं तर साहेब म्हणाले, “मॉडेलवर तसंच दिसलं.”

करुणानं हरकत दाखल केली आहे. जोड ही मॉडेल करणाऱ्याची चूक, गावाची हद्द नव्हे, असं तिनं लिहिलंय. खाली माझी सही आहे. बिल्डरच्या कामात अशी सही मी मेलो तरी केली नसती. निकाल अजून नाही, आणि मला चैन नाही.

नव्या मुलांना आता एवढंच सांगतो: बेस मोठा कापा. उरला तर छाटता येतो.