आक्काची चप्पल आणि विद्यापीठाची कपाटं

जोडेवाल्याचं दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. आत एक माणूस बसला की दुसऱ्याने दारातच उभं राहायचं. भिंतीला लाकडी फरमे टांगलेले, जणू बिनमाणसाचे पाय, आणि त्यांच्याखाली बसून हा माणूस रापीने चामडं कापत जन्मभर लोकांना चालवत आला. शाळा त्याने लवकर सोडली. शाळेचं म्हणणं असं की तिने त्याला सोडलं.

त्याची थोरली बहीण आक्का गल्लीपलीकडे मुला-सुनेजवळ राहते. ती शाळेत शिपाई. घंटा द्यायची, फायली पोचवायच्या, दिवसभर जिने चढायचे-उतरायचे. साखरेच्या आजाराने तिच्या तळव्यांची जाणीव गेली. खडा टोचला तरी कळेना. एकदा चप्पल घासली, जखम झाली, ती चिघळली, आणि पायाचं एक बोट दवाखान्यात ठेवून यावं लागलं. डॉक्टरांनी बजावलं, "पुन्हा जखम झाली तर पाऊल वाचवणं कठीण आहे."

ती घासलेली चप्पल याच्याच हातची होती. त्याला कुणी एका शब्दाने बोललं नाही. आक्कासुद्धा नाही. आणि आक्का बोलत नाही म्हणजे काय, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक. म्हणून त्याने मनाशी धरलं, की आता आक्काच्या पायात जे जाईल ते मीच करीन आणि जखम होणार नाही असंच करीन.

कसं करायचं ते मात्र माहीत नव्हतं. फोनवर शोधलं तर जादूच्या चपलांच्या जाहिराती निघाल्या. एकीत तर सत्तर वर्षांची बाई उडी मारत होती. मधूनच एखादा खरा अभ्यासाचा लेख दिसे, पण त्यावर कुलूप. आत जायचं तर पैसे भरा.

दवाखान्यात पट्टी करणारी नर्स म्हणाली, "काका, यावर ढीगभर संशोधन झालंय. विद्यापीठाच्या ग्रंथालयात जा. तिथे ही कुलपं उघडी असतात. वर्गणी ते भरतात."

"मला आत कोण घेणार?"

"विचारून तर बघा. विचारायला काय पडतं?"

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी तो इस्त्रीचा सदरा घालून निघाला. फाटकावरच्या पहारेकऱ्याने वरून खाली पाहिलं आणि पायाशी नजर थांबवली. "जोडे झकास आहेत. कुठून घेतले?"

"घरचेच."

पाहुण्यांसाठी एक दिवसाचा पास मिळतो, हे त्या पहारेकऱ्यानेच सांगितलं. जोडे चांगले असले की निम्मी कामं होतात, असं जोडेवाला नेहमी म्हणतो. त्या दिवशी खरं ठरलं.

आत मोठी खोली, लांब टेबलं, खुर्ची सरकली तरी दहा माना वळतील अशी शांतता. चौकशीच्या टेबलामागे ग्रंथपाल बाई होत्या. चष्मा डोक्यावर ठेवून त्या चष्माच शोधत होत्या. त्याने तो दाखवला आणि ओळख झाली.

"मला पुस्तक नको," तो म्हणाला. "पायाला जखम होणार नाही असा सोल कसा करतात, ते शोधून ठेवलेलं कुठे सापडेल?"

बाईंनी त्याला संगणकापाशी बसवलं आणि ग्रंथालयाचं पान उघडलं. त्यावर डेटाबेस नावाची लांबलचक यादी. "ही एकेक कपाटं समजा. जगभरातले अभ्यासाचे लेख विषयवार यांत भरलेले असतात. तुमचं वैद्यकाच्या कपाटात मिळेल. इथे बसून कितीही वाचा. घरून मात्र उघडणार नाही, कारण तुम्ही इथले विद्यार्थी नाही."

"या वयात तेही झालो असतो."

त्याने एका बोटाने टाइप केलं, माझ्या थोरल्या बहिणीच्या तळव्याला जाणीव नाही आणि तिला शाळेत दिवसभर चालावं लागतं तर कोणती चप्पल करावी. यंत्राने सांगितलं, काही सापडलं नाही.

बाई हसल्या. "गिऱ्हाईक दुकानात येऊन घरची सगळी रामकहाणी सांगतं. तुम्ही लिहून काय घेता?"

"माप."

"मग इथेही मापच द्या. आजार, पाऊल, सोल. बस."

तीन शब्द टाकले आणि इतके लेख आले की त्याच्या तोंडचं पाणी पळालं. बाईंना दुसऱ्या कुणी हाक मारली, त्या उठल्या, आणि इथेच घोड्याने पेंड खाल्ली.

कारण यंत्राने इंग्रजीची मराठी करून दाखवली तरी भाषा जड होती, आणि हा जन्मभर चित्रं बघून जोडे करत आलेला. गिऱ्हाईक मासिकातला फोटो आणतं, हा तसा जोडा करून देतो. म्हणून त्याने लेख वाचले नाहीत, चाळले. चित्र नाही की पुढचा. असं करता करता एक सुरेख आकृती सापडली. तीन थरांचा सोल, चवड्याखाली आडवी उंच पट्टी, सगळी मापं दिलेली. त्याने ती कागदावर जशीच्या तशी उतरवली. बाईंनी जाताना विचारलं, "मिळालं का?" तो म्हणाला, "मिळालं म्हणजे काय, मापासकट मिळालं!"

चप्पल झाली. आक्काने ती उलटीसुलटी करून पाहिली. "काय रे ठोंब्या, पूल बांधलायस का चपलेत?"

"विद्यापीठातली आहे."

"मग हिला डोकं जास्त असेल. चालता येतं का तेवढं बघू."

ती शाळेत घालून गेली. संध्याकाळी सून नेहमीसारखी आरसा घेऊन तळवे तपासायला बसली, आणि तिचा हात थांबला. कापलेल्या बोटाशेजारी लाल चट्टा. दाबला तरी लाली जाईना. आक्काला अर्थातच काही कळलं नव्हतं. सकाळी नर्सने पाहिलं आणि म्हणाली, "वेळेवर आणलंत. ही चप्पल आता पायात नको. आणि हा चट्टा जाईपर्यंत शाळाही नको."

आक्का घरी बसली. भावाला एवढंच म्हणाली, "शिकलेल्या चपलेपेक्षा तुझी अडाणीच बरी होती म्हणायची." मग भिंतीकडे तोंड करून बसली.

दुसऱ्या माणसाने नाद सोडला असता. हा पुढच्या सुट्टीला ती चप्पल पिशवीत घालून ग्रंथालयात हजर. तळपायाची आग मस्तकात गेलेली. चप्पल टेबलावर ठेवून म्हणाला, "बाई, तुमच्या कपाटाने दगा दिला."

बाईंनी शांतपणे तोच लेख उघडला आणि शेवटावर नेला. "काका, हे वाचलं होतं का?"

"काय लिहिलंय?"

"यांनी हा सोल रुग्णांना घालून दाब मोजला. आडव्या पट्टीने दाब कमी झालाच नाही, उलट बोटांकडे सरकला. असा सोल वापरू नये, हे सांगायला त्यांनी ही आकृती छापली आहे."

जोडेवाल्याने कपाळाला हात लावला. फसलेला सोल त्याने किती निगुतीने केला होता! एक टाका इकडचा तिकडे नाही. थोड्या वेळाने त्यालाच हसू फुटलं, पण डोळे ओले होते. "बाई, फसतो तोही सोल लोक छापतात?"

"छापायलाच हवा. नाहीतर दुसरा पुन्हा तोच करील."

"छापूनही मी केलाच की!"

मग त्याने सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या आणि खुर्ची पुढे ओढली. "आता मला वाचायला शिकवा. चित्रं नकोत."

त्यानंतर दर सुट्टीला त्याचा एकच रस्ता. लेखाच्या तोंडाशी थोडक्यात सार असतं, ते आधी वाचायचं. मग थेट शेवट. मगच मधलं. एका लेखावरून पुढे कोणी काम केलं, तेही कपाट दाखवतं, तिथे जायचं. अडलं की बाईंना विचारायचं. त्यांना शब्दाचा अर्थ माहीत पण सोलचं काम माहीत नाही, याला काम माहीत पण शब्द नाही, मग दोघं मिळून एका वाक्याशी झटापट करत. पहारेकरी म्हणे, "काका, पदवी कधी?" हा म्हणे, "पायापुरती घेतोय."

शेवटी बाईंनी यादीला चाळणी लावून दिली, की फक्त आढाव्याचे लेख दाखव. अनेकांचं काम एकत्र तपासून लिहिलेले ते. त्यांतला एक त्याने इतक्या वेळा वाचला की जड शब्दही ओळखीचे झाले. त्यात जादूचा सोल नव्हताच. सांगितलं होतं ते असं, की प्रत्येक पाय वेगळा. दाब कुठे पडतो ते त्या पायावर मोजा, तिथे सोल बदला, आणि बदलल्यावर पुन्हा मोजा.

"हे तर मला ठाऊक होतं," तो पुटपुटला. मग स्वतःच म्हणाला, "नाही. पहिलं ठाऊक होतं. पुन्हा मोजायचं ठाऊक नव्हतं. जोडा गिऱ्हाइकाच्या हातात दिला की माझं काम संपायचं."

चट्टा विरला आणि डॉक्टरांनी हो म्हटलं, तसा तो कामाला लागला. दवाखान्यात शाईची रबरी चटई होती. तिच्यावर कागद पसरून पाय टेकला की जिथे दाब जास्त तिथे ठसा काळाकुट्ट. नर्सने आक्काचा ठसा काढून दिला. याने काळ्या जागेखालचा थर कोरून मऊ रबर भरलं. चटई चपलेत मावत नव्हती, म्हणून पुन्हा मोजायला नर्स दाब मोजणाऱ्या यंत्राची पातळ पट्टी नव्या सोलवर ठेवी आणि आक्का तिच्यावर उभी राही. एक जागा सुधारली की दुसरी बिघडे. पुन्हा कोरणं, पुन्हा मोजणं.

"माझ्या पायाची परीक्षा चाललीय का तुझी?" आक्का करवादली.

"माझी. तू नुसती उभी राहा."

"नापास किती वेळा होणार?"

"पास होईपर्यंत."

आक्काने पाय पुढे केला.

अखेर डॉक्टरांनी बारकाईने तळवा पाहिला, यंत्रावरचे आकडे पाहिले आणि अर्धा दिवस शाळेत जायची परवानगी दिली. सुनेने रोज आरसा धरायचा, तो धरायचाच, हेही बजावलं. पहिल्या संध्याकाळी जोडेवाला दारात उभा राहिला, आत येईना. सुनेने तळवा वळवून वळवून पाहिला. कुठे लाली नाही. दुसऱ्या दिवशी नाही. महिना झाला तरी नाही.

आता आक्का पूर्ण वेळ घंटा देते. तिची कुरकुर मात्र सुरू झाली, आणि ती सुरू झाली म्हणून घर सुखात आहे. परवा दुकानाच्या दारात उभी राहून म्हणाली, "पाय वाचवलास ते ठीक. पण मास्तरीणबाई विचारतात, ही चप्पल आहे की होडी? त्या तुझ्या कपाटांत देखणी कशी करायची ते नसतं का रे?"

"बघतो," जोडेवाला म्हणाला. "पण आधी या सोलचं माप पुन्हा घेऊ. घासून बदललं असेल. बस, पाय दे इकडे."