मनोरीपासून मागे लागलेली घार

मी कॅमेऱ्याच्या सेन्सरवर तोंडाने फुंकर मारली. तीही शेव खाता खाता.

कॅमेरा सेकंडहँड होता, पण माझ्यासाठी नवाकोरा. मनोरीच्या खाडीचा फोटो काढला, तर आभाळाच्या उजव्या कोपऱ्यात एक काळा ठिपका. मला वाटलं, घार. 'एकाकी घार' असं नाव देऊन मी तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. भराभरा अंगठे आले. फक्त तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी घरी बोलावलं आणि बाकीचेही फोटो दाखवायला लावले. मालाडच्या एका गच्चीवर घार. मनोरीतल्या पांढऱ्या भिंतीवरही घार. कोपरा तोच.

"भिंतीला चिकटून उडते काय रे ही?" काकू म्हणाल्या. "मेल्या, धूळ आहे ती. आत, सेन्सरवर."

घरी जाऊन मी लेन्स काढली आणि ती फुंकर मारली. एका घारीचा थवा झाला.

अशी एक काकू तुमच्याही जिन्यात असेल. आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमधल्या ह्या काकू दारात आलेल्या प्रत्येकाला "आधी हात धू" म्हणायच्या. कुरिअरवाल्यालासुद्धा. ट्रॉम्ब्याच्या एका प्रयोगशाळेत त्यांची सगळी नोकरी झाली. तिथे काय करायचात, असं विचारलं की एकच शब्द यायचा, "पुसायचे." भिंगं, आरसे, उपकरणांच्या काचा. पण तो शब्द त्या अशा ऐटीत टाकायच्या, की दुसऱ्या कुणी "राज्य करायचे" म्हणावं.

एरवी मी गुपचूप थव्यासकट जगलो असतो. पण आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चालली होती. रविवारी सकाळी सगळे शेवटचे गच्चीवर जमणार होते, आणि फोटो मी काढणार, असं मीच मिटिंगमध्ये उठून जाहीर केलं होतं. सोमवारपासून टेम्पो लागणार. एवढी डोकी परत एका जागी कुठली यायला!

शनिवारी दुपारी मी साफ करायचं सगळं सामान घेऊन काकूंच्या दारात.

"काकू, वाट लागली."

"फुंकलास ना? तोंडाने?"

"हो."

"काय खात होतास?"

मी सांगितलं. काकूंनी क्षणभर डोळे मिटले. "आधी हात धू."

त्यांनी पंखा बंद केला, खिडक्या लावल्या. मी कॅमेरा पुढे केला, तर त्यांनी हात मागे घेतले. बोटं थरथरत होती. इतक्या वर्षांत मी ते कधी पाहिलं नव्हतं.

"माझा हात आता हवेत गिरगटतो. तू कर."

"मी? काकू, मी शेववाला माणूस!"

"म्हणून तोंड बंद ठेव. आत चित्र उलटं पडतं; फोटोत डाग वर, म्हणजे धूळ खाली. कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे कर, रबरी पंपाने हवा मार. हां. आता त्या कांडीच्या कापडावर बाटलीतले दोन थेंब. ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत, एकदाच. घासू नकोस रे! घासतात ती भांडी."

मी पुसलं. काकू कॅमेऱ्याकडे बघतच नव्हत्या, माझ्या मनगटाकडे बघत होत्या. मग खिडकी उघडून आभाळाचा फोटो काढला. घार नाही, थवा नाही, काही नाही.

काकूंनी उठून पंखा लावला. "पुसता येतं तुला," त्या म्हणाल्या.

मंडळी, ऑफिसात मला बढती मिळाली, सत्काराची शालही मिळाली. पण त्या दुपारी मी दोनच मजले उतरलो, ते एखादा गड जिंकून उतरावं तसा.

आता बिल्डिंगच्या जागी पत्रे लागलेत. काकू बोरिवलीला भाच्याकडे असतात. परवा गच्चीवरचा तो फोटो मोठा करून, फ्रेम घालून मी त्यांच्याकडे नेला. त्यांनी चष्मा पुसला. मग आभाळाचा एकेक कोपरा तपासला, अगदी सावकाश.

"एक डाग दाखवा, काकू!" मी म्हणालो.

"नाही रे. आभाळ झकास आलंय." मग त्या फ्रेमच्या खालच्या कडेकडे वाकल्या. तिथे आम्ही सगळे मुगाच्या दाण्यांसारखे ओळीने उभे होतो. "पण मेल्या, आभाळच काढायचं होतं, तर आम्हाला उन्हात कशाला उभं केलंस?"